पुएब्ला: घड्याळ पाहून खायचं शहर

मेक्सिको सिटीला जाणारे बहुतेक प्रवासी पुएब्लाला सकाळच्या बसने जातात आणि संध्याकाळी परततात. सोन्याचं चॅपल पाहतात, दुपारी मोले खातात, चार निळ्या बशा घेतात आणि निघतात. तसं करू नका. किमान दोन रात्री तिथे काढा, जमल्या तर तीन. या गावात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. तामाल सकाळचं, मोले दुपारी दोननंतरचं, चालुपा रात्रीच्या, आणि एक पदार्थ तर वर्षातले दोन-अडीच महिनेच मिळणारा. एका दिवसात येणाऱ्याच्या वाट्याला यातला दुपारचा तुकडा तेवढा येतो.

आपल्याकडच्या माणसाने हे शहर पाहावं याला आणखी एक कारण आहे. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि तिथून घाटावर आलेली मिरची मूळची याच भूभागातली. पुएब्ला राज्याच्या दक्षिणेला तेवाकानचं खोरं आहे, आणि मक्याच्या शेतीचे जगातले फार जुने पुरावे तिथल्या गुहांमध्ये सापडले. उलट दिशेने आपल्याकडचे मसाले, चिनी मातीची भांडी आणि गुलाम केलेली माणसं मनिलामार्गे आकापुल्कोच्या बंदरात उतरली. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं ही जहाजं चालू होती. तिथून निघालेला माल खेचरांवर लादून पुएब्लावरूनच वेराक्रुझकडे जायचा. ताटात आणि भिंतीवर काय कुठून आलंय याचा माग काढत हिंडलात, तर पुएब्ला उलगडत जातं.

कधी जायचं

शहर समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून उंच आहे. दिवसा ऊन चटका देतं, संध्याकाळ झाली की स्वेटर लागतो, डिसेंबर-जानेवारीत तर रात्री चांगलीच थंडी असते. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागली तर घाबरू नका. पाणी भरपूर प्या, पहिल्या रात्री जेवण हलकं ठेवा.

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ. ज्वालामुखी पाहायची हौस असेल तर हाच. जून ते सप्टेंबर पावसाचा, पण तो बहुधा दुपारनंतर कोसळतो, सकाळ मोकळी असते. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य निवडा. पाऊस सोसावा लागेल, पण चिलेस एन नोगादा, म्हणजे अक्रोडाच्या रश्श्यातल्या भरलेल्या मिरच्या, याच दिवसांत मिळतात आणि १५-१६ सप्टेंबरच्या स्वातंत्र्यदिनासाठी सगळं शहर हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगात नटलेलं असतं.

व्हिसा, पैसे, पोहोचणं

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या मेक्सिकन दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे विसरू नका. मेक्सिकोत उतरल्यावर पासपोर्टवर राहण्याचे किती दिवस दिलेत ते खिडकीसमोरच वाचून घ्या. नेहमी सहा महिने मिळतात असं नाही.

पेसोची खूण डॉलरसारखीच असते. पुएब्लातल्या मेनूकार्डावर ती दिसली की पेसो समजा. रस्त्यावरच्या गाड्यांवर, बाजारात आणि देवळांच्या दानपेट्यांत रोख लागते. एटीएम तुमच्या चलनात रूपांतर करून देण्याचा पर्याय दाखवेल. तो नाकारा, बँकेचा दर जवळजवळ नेहमीच बरा पडतो. हॉटेलात टीप म्हणून बिलाच्या १० ते १५ टक्के द्यायची रीत आहे. नळाचं पाणी पिऊ नका.

मेक्सिको सिटीच्या विमानतळावरूनच पुएब्लाच्या थेट बस सुटतात, त्यामुळे राजधानीत शिरायचीही गरज नाही. शहरातून निघायचं तर पूर्वेचं 'तापो' बसस्थानक गाठा. अंतर साधारण १३० किलोमीटर, वेळ दोन तास. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी परतताना जास्त धरा. पुएब्लाच्या बसस्थानकाला 'कापू' म्हणतात. ते जुन्या शहरापासून लांब आहे, तिथून टॅक्सी करा. मुक्काम मात्र चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच घ्या, नाहीतर सकाळ-रात्रीची खाणी हुकतात.

रस्त्यांचं गणित

हे दहा मिनिटांत समजून घेतलंत तर नकाशा खिशात राहील. पुएब्ला १५३१ मध्ये स्पॅनिश लोकांसाठी मोकळ्या माळावर आखलं गेलं, म्हणून रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ आहेत. मुख्य चौक, म्हणजे सोकालो, त्याच्या वायव्य कोपऱ्यावर दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदतात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना 'ओरिएन्ते' म्हणजे पूर्व आणि 'पोनिएन्ते' म्हणजे पश्चिम अशी शेपटी लागते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना 'नोर्ते' आणि 'सुर'.

आता आकडे. चौकाच्या उत्तरेचे आडवे रस्ते सम: २, ४, ६. दक्षिणेचे विषम: ३, ५, ७. उभ्या रस्त्यांत पूर्वेचे सम, पश्चिमेचे विषम. म्हणजे '५ ओरिएन्ते' वाचलंत की चौकाच्या दक्षिणेला, पूर्वेकडच्या अंगाला. घरक्रमांकातही दिशा लपलेली असते: '४ पोनिएन्ते, ९११' म्हणजे ४ पोनिएन्ते रस्त्यावर, ९ आणि ११ नोर्ते यांच्या मध्ये.

नदीपलीकडे मूळ रहिवाशांच्या वस्त्या होत्या. स्पॅनिश शहर बांधणारे हात त्यांचेच. ती सान फ्रान्सिस्को नदी गेल्या शतकात झाकून टाकली, आज तिच्यावरून हेरोएस देल सिंको दे मायो नावाचा रुंद रस्ता धावतो. तो ओलांडलात की तुम्ही जुन्या अर्थाने 'पलीकडे' जाता. आनाल्को आणि शानेनेतला हे तिकडचेच भाग. शानेनेतलाच्या भिंतींवरची चित्रं दिवसाउजेडी पाहून या.

सकाळ: तामाल, मग देवळं

सकाळी कोपऱ्यावर वाफाळणारं पत्र्याचं पातेलं दिसलं की थांबा. मक्याच्या पानात गुंडाळलेलं तामाल आणि सोबत आतोले, म्हणजे मक्याच्या पिठाचं गरम दाटसर पेय. भूक मोठी असेल तर पावात घातलेलं तामाल मागा. सकाळी कामावर निघालेली माणसं तेच खात उभी असतात. बाजारात मेमेला मिळतात: लांबट, जाडसर मक्याची भाकरी, तिच्यावर साल्सा, कांदा, चीज.

पोट भरलं की देवळं. पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तर आम्पारो संग्रहालय मंगळवारी. म्हणून मुक्कामात या दोन्हींपैकी एकच वार येईल असं पाहा. रविवारी देवळांत प्रार्थना चालू असतात, तेव्हा कॅमेरा घेऊन फिरणं बरं दिसत नाही.

सुरुवात सान्तो दोमिंगो चर्चमधल्या रोसारियो चॅपलपासून करा, पत्ता ५ दे मायो आणि ४ पोनिएन्तेचा कोपरा. १६९० मध्ये पूर्ण झालेल्या या चॅपलमध्ये गिलाव्याच्या नक्षीवर सोन्याचा वर्ख चढवलाय, आणि छतापर्यंत बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. आत शिरल्या शिरल्या मान वर करू नका. आधी कमरेच्या उंचीवरच्या फरशा पाहा, मग वेली, मग देवदूतांचे चेहरे, असं खालून वर चढत जा. एकदम सगळं पाहायला गेलं की नुसता झगमगाट उरतो.

मग कॅथेड्रल. बांधकाम १५७५ मध्ये सुरू झालं, १६४९ मध्ये बिशप पालाफोक्स यांनी ते देवाला अर्पण केलं. दोन मनोरे सुमारे ७० मीटर उंच आहेत आणि कुंपणावर देवदूत उभे आहेत. शहराचं जुनं नावच 'देवदूतांचं पुएब्ला'. मनोऱ्यातली मोठी घंटा देवदूतांनी रात्रीत वर नेऊन ठेवली असं इथले लोक सांगतात.

शेजारीच ५ ओरिएन्तेवर पालाफोक्स ग्रंथालय आहे. १६४६ मध्ये या बिशपने आपली ५,००० पुस्तकं एका अटीवर दान केली: पाद्री नसलेल्यांनाही वाचायला मिळायला हवीत. आज तिथे ४५,००० हून अधिक ग्रंथ आहेत. १७७३ मधला लांबलचक दिवाणखाना, देवदाराची तिमजली कपाटं आणि जुन्या कागदाचा वास. २००५ मध्ये युनेस्कोने या ग्रंथालयाला जगाच्या स्मृतींच्या यादीत स्थान दिलं. इथे घाईत जाऊ नका.

कातारिना: ही जागा चुकवू नका

चौकातून पूर्वेला दोन गल्ल्या चाललात, की विद्यापीठाच्या जुन्या इमारतीला लागून जेझुइटांचं ला कोम्पान्यिया चर्च लागतं. मार्गदर्शक पुस्तिका त्याला दोन ओळी देतात. भारतीय प्रवाशाने मात्र इथे थांबायलाच हवं. कातारिना दे सान हुआन नावाची स्त्री इथे पुरली गेली. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी तिला भारताच्या किनाऱ्यावरून पळवलं, कोचीनमध्ये बाप्तिस्मा दिला, मनिलात विकलं, आणि १६२० च्या आगेमागे ती आकापुल्कोमार्गे पुएब्लातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी पोहोचली. पुढे ती गुलामीतून सुटली आणि तपस्विनीसारखं आयुष्य जगली. १६८८ मध्ये ती गेली तेव्हा अख्खं शहर अंत्ययात्रेला लोटलं होतं. लोक तिला संत मानू लागले तसं धर्मन्यायालय बिथरलं आणि त्याने तिच्या चित्रांवर बंदी घातली.

त्या काळी आशियातून आलेल्या प्रत्येकाला तिथे 'चिनो' म्हणत, म्हणून ती 'चिना पोब्लाना' झाली. पुढे याच नावाने मेक्सिकोच्या बायकांचा भरजरी घागरा आणि पांढरा झंपर प्रसिद्ध झाला. तो पोशाख तिचाच होता, याला आधार नाही. तिला मोगल राजकन्या म्हणतात, ते जुन्या चरित्रांतून आलेलं आहे. पण समुद्रापलीकडून उचलून आणलेली, स्वतःची भाषा बोलायला कुणी नसलेली एक मुलगी या गावात वाढली आणि या गावाने तिला आपलं दैवत केलं, एवढं तर खरं आहे. चर्चमध्ये तिच्या नावाची शिळा आहे. दिसली नाही तर आतल्या माणसाला 'चिना पोब्लाना' एवढंच विचारा, तो दाखवील.

दुपार: मोले

मेक्सिकोत मुख्य जेवण दुपारी दोन ते चार. बाराला हॉटेलात शिरलात तर स्वयंपाकघर तयार नसतं, सातला शिरलात तर दुपारचं उरलेलं मिळतं. ठरलेल्या दरातलं 'कोमिदा कोरिदा' हे सूप, भात, मुख्य पदार्थ आणि सरबत असं साधं जेवण एका दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी मोले पोब्लानो.

मोले म्हणजे चॉकलेटची आमटी, असं सांगितलं जातं. त्यावर जाऊ नका. मोलेचा पाया मिरचीचा. आंचो, मुलातो, पासिया या वाळलेल्या, काळपट मिरच्या बिया काढून तळतात. मग तीळ, बदाम, शेंगदाणे, मनुका, केळं, करपवलेली तोर्तिया (मक्याची पातळ भाकरी), टोमॅटो, दालचिनी, लवंग, मिरी, बडीशेपेसारखा आनिस असं एकेक वेगवेगळं परतून वाटतात, आणि शेवटी कडवटपणा गोल करायला थोडं चॉकलेट. आपल्याकडे मटणासाठी कांदा-खोबरं भाजून केलेल्या वाटणाची जी शिस्त, तीच इथली: प्रत्येक जिन्नस त्याच्या त्याच्या रंगापर्यंत भाजायचा, एक जरी जळला तरी सगळं कडू. पहिल्या घासाला गोड वाटतं, मग मिरचीचा धूर येतो आणि लवंग शेवटी जिभेच्या मागे राहते. मिरची, टोमॅटो, शेंगदाणे, कोको, मका इथले. तीळ, मिरी, लवंग, दालचिनी समुद्र ओलांडून आलेले. एका ताटात दोन महासागर भेटतात ते असे.

सान्ता रोसाच्या मठात एका जोगिणीने पाहुण्यासाठी मोले शोधलं अशी कथा सांगतात. इतिहासकार ती मानत नाहीत. वाटलेल्या मिरचीचे रस्से स्पॅनिश येण्याआधीपासून होते. तरी तो मठ पाहाच. भिंतीपासून छतापर्यंत तालावेरा, म्हणजे इथल्या झिलईदार रंगीत मातकामाच्या, फरशांनी मढवलेलं तिथलं स्वयंपाकघर पुएब्लातल्या सर्वात सुंदर खोल्यांपैकी एक आहे.

ऑगस्ट-सप्टेंबरात असाल तर दुसऱ्या दुपारी चिलेस एन नोगादा. हिरव्या पोब्लानो मिरचीत खिमा आणि सफरचंद, नाशपाती, पीच भरतात, वर ताज्या अक्रोडांचा पांढरा रस्सा, डाळिंबाचे दाणे आणि कोवळी पार्सली. अक्रोड आणि डाळिंब एकाच वेळी हाती येतात तेवढाच याचा हंगाम. १८२१ मध्ये स्वातंत्र्य मिळवणाऱ्या फौजेचा सेनापती इतुर्बिदे याच्या स्वागतासाठी जोगिणींनी हा केला असं म्हणतात. झेंड्याचे तीन रंग त्यात आहेत. गरम येत नाही, कोमट येतो, परत पाठवू नका. मिरचीला अंड्याचं आवरण असावं की नसावं यावर पुएब्लात घराघरांत वाद आहेत. मला आवरणासहितच आवडतो, अक्रोडाचा रस्सा त्याला धरून राहतो.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही, पण विचारत राहावं लागेल. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, न दिसणाऱ्या चरबीची असते. राजमा डुकराच्या चरबीत परततात, तामालच्या पिठात ती मळतात, भात आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजतात, मोलेतही बहुधा तेच. 'सोय वेखेतारियानो' (बाईने 'वेखेतारियाना') एवढ्यावर भागत नाही. 'कार्ने' म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर गोमांस आणि डुकराचं मांसच येतं, कोंबडी नाही. म्हणून यादीच म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन खामोन, सिन मान्तेका', म्हणजे मांस, कोंबडी, हॅम, चरबी यांतलं काही नको. सूप-भातापुढे विचारा, 'येवा काल्दो दे पोयो?', कोंबडीचं पाणी आहे का?

बिनधास्त मागण्याजोगं पुष्कळ आहे. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया. मक्याच्या कणसावर येणाऱ्या काळ्या बुरशीची, म्हणजे वित्लाकोचेची केसादिया, दिसायला कशीही असली तरी अळंबीसारखी खमंग. निवडुंगाच्या पानांची भाजी नोपालेस. पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या आणि चीज. कढईवर भाजलेले त्लाकोयो, ज्यांच्या पोटात घेवड्याचं किंवा बाकल्याचं सारण असतं. पेला भरून मिळणाऱ्या मक्याच्या दाण्यांवर मेयोनेज घालतात, नको असेल तर आधीच सांगा.

आणि सेमिता. एल कार्मेन बाजारात ती बनताना समोर उभं राहून पाहा. तीळ लावलेला, कडक सालीचा गोल पाव कापतात, मऊ मगज थोडा काढतात. आवोकादोचे काप, कांदा, तेलाची धार, धुरात वाळवलेली चिपोत्ले मिरची, मग बोटांनी तोडलेल्या केसियो चीजचा डोंगर, आणि सर्वात शेवटी पापालो नावाचा पाला. त्याचा वास कोथिंबिरीहून कितीतरी उग्र असतो. पण तो नसेल तर ती सेमिता नाही. आत सहसा तळलेला मांसाचा काप घालतात. 'सोलो केसियो' म्हणा, नुसत्या चीजची मिळेल.

संध्याकाळ: मिठाई, गोळ्या, चालुपा

६ ओरिएन्तेला मिठाईची गल्ली म्हणतात. कामोते म्हणजे रताळ्याची कागदात गुंडाळलेली मऊ कांडी, आणि सान्ता क्लाराच्या तोर्तिता, भोपळ्याच्या बियांच्या पांढऱ्या लेपाची बिस्किटं. दोन्ही एकेक घेऊन पाहा, मग खोका भरा. याच गल्लीत क्रांतिकारक सेर्दान भावंडांचं घर आहे. १८ नोव्हेंबर १९१० ला, मेक्सिकन क्रांतीच्या ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी, पोलिसांनी ते घेरलं. दर्शनी भिंतीवर गोळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत.

अंधार पडल्यावर सान फ्रान्सिस्को भागात चालुपा खायला जा. तळहाताएवढ्या तोर्तिया चरबीत बुडवून, अर्ध्यांवर हिरवा आणि अर्ध्यांवर लाल साल्सा, वर कांदा आणि मांसाचे तंतू. शाकाहाऱ्यांनी इथे हट्ट करू नये, तवाच चरबीचा असतो. मांस खाणाऱ्यांनी ताको आराबे सोडू नका. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम आशियातून आलेल्या कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजायची रीत इथे आणली. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, पिटा पावाचा 'पान आराबे' झाला. रात्री उशिरा परतताना लांबचं अंतर असेल तर पायी जाऊ नका, ॲपवरून गाडी मागवा.

तालावेरा घेताना

१६व्या-१७व्या शतकांत स्पेनहून आलेल्या कारागिरीला मनिलाच्या जहाजांतून आलेल्या चिनी निळाईची जोड मिळाली, त्यातून हे काम उभं राहिलं. २०१९ मध्ये युनेस्कोने ते अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. एल पारियान बाजारात जे स्वस्त मिळतं ते बहुतेक साधी रंगवलेली भांडी असतात. आवडली तर जरूर घ्या, पण तालावेरा म्हणून दाम मोजू नका. खरं ओळखायचं असं: पांढरा रंग शुभ्र नसतो, सायीसारखा असतो. बोट फिरवलं तर निळा रंग किंचित उंच लागतो. उलटं करा, बुडाच्या कडेला लुकण, म्हणजे झिलई, नसतं, आणि कार्यशाळेचं नाव, सही असते. ४ पोनिएन्तेवरच्या उरियार्ते कार्यशाळेचं काम १८२४ पासून चालू आहे. तिथे आधी फेरी मारलीत, की बाजारातली भांडी पाहायची नजर येते.

एक सकाळ चोलुलाला

टॅक्सीने अर्ध्या तासावर. टेकडी वाटते ती जगातली आकारमानाने सर्वात मोठी पिरॅमिड आहे, आणि तिच्या माथ्यावर स्पॅनिश लोकांनी रेमेदियोस मातेचं देऊळ बांधलं. लवकर निघा: पोपोकातेपेत्ल हा ५,४०० मीटरहून उंच जागृत ज्वालामुखी सकाळी स्वच्छ दिसतो, दुपारी ढगांत जातो. त्याच्यावर चढायला बंदी आहे, आणि राख पडत असल्याची सूचना असेल तर तोंडाला मास्क लावा.

परतताना तोनान्त्सिन्त्ला आणि आकातेपेक ही दोन देवळं घ्या. आकातेपेकचं दर्शनी अंग फरशांनी मढलेलं. तोनान्त्सिन्त्लाच्या छतावर मूळ रहिवाशांच्या चेहऱ्यांचे देवदूत, फळं, कणसं कोरलेली आहेत. स्पॅनिश धर्म कोरायला सांगितला तेव्हा कारागिरांनी आपलं शेत कोरलं. आत फोटोला मनाई आहे, ती पाळा.

निघताना

शेवटच्या सकाळी बाजारातून मोलेची पेस्ट घ्या. दुकानदार चमच्यावर चव देतात, कडवट, गोड, तिखट यांतून निवडा. शाकाहारी असाल तर डब्यावर 'मान्तेका' आणि 'पोयो' शोधा. पेस्ट द्रवात मोजतात, म्हणून हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या सामानात दोन पिशव्यांत बांधा. घरी गरम पाण्यात किंवा भाज्यांच्या पाण्यात सैल करा, मंद आचेवर वीसेक मिनिटं ढवळत ठेवा, आणि उकडलेला लाल भोपळा, बटाटा किंवा पनीर त्यात सोडा. वरून भाजलेले तीळ.